कोसॅक लावा

टिल्लीला कपडे घालणं आणि अठराव्या शतकातल्या कोसॅक घोडदळाशी लढणं यांत फारसा फरक नाही, हे माझं मत आमच्या मंडळात अजून कोणी खोडून काढलेलं नाही. टिल्ली म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं दीड. तुम्ही फ्रॉक घेऊन उभे राहा. ती खदखदा हसत थेट तुमच्या अंगावर येते. हात लांब केलात की वळते आणि पळते. तुम्ही पाठलाग करता, आणि पलंगाला पूर्ण वळसा घालून दमून परत येता तेव्हा ती तुमच्या मागे कपाटापाशी बसून घड्या घातलेले सगळे कपडे बाहेर काढत असते. प्रशियाच्या शिस्तीच्या फौजांचे सात वर्षांच्या युद्धात नेमके असेच हाल झाले. फरक इतकाच, की त्यांना नंतर घड्या घालाव्या लागल्या नाहीत.

सध्या ती झोपली आहे. तेवढ्यात लिहून होईल ते खरं.

आमचं मंडळ सायकलच्या दुकानावरच्या खोलीत भरतं. मधोमध एक भलंमोठं टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या. त्या टेबलावर मोठी माणसं अंगठ्याएवढे धातूचे सैनिक मांडतात आणि जुन्या लढाया फाशांनी आणि मोजपट्टीनं पुन्हा लढतात. मोठी म्हणजे अगदी मोठी. एकांना नातवंडं आहेत. बायकांत मी एकटी. माझं लग्न मंडळाशी आधी झालं आणि नवऱ्याशी नंतर, पण मंडळातले जवळजवळ सगळे मला 'वहिनी'च म्हणत आले. माझा नवरा परवापरवापर्यंत एकदाही तिथे गेला नव्हता. तरी मी वहिनीच. नक्की कोणाची, ते कोणी सांगत नाही.

वर्षातून एकदा मंडळाची प्रदर्शनीय लढाई असते. लोक बघायला येतात. ज्याचं स्वतःचं पथक असेल तो त्या दिवशी टेबलाशी उभा राहून ते लढवतो. ज्याचं नसेल त्याला कोणाची तरी राखीव पलटण देऊन मागे बसवतात आणि मग म्हणतात, "वहिनी, जरा चहाचं बघता का?"

अशी बरीच वर्षं मी चहाचं बघितलं. टिल्ली झाली, मी घरी बसले, आणि एका दुपारी तिला थोपटता थोपटता ठरवलं की पुढच्या लढाईत माझं स्वतःचं पथक उभं राहील. कोसॅकांचं.

कोसॅकच का? डॉन नदीकाठचे हे स्वार रशियाच्या सैन्यात यायचे ते स्वतःचा घोडा आणि स्वतःचा अंगरखा घेऊन. गणवेश नाही. एकाची टोपी दुसऱ्यासारखी नाही. घोडे बुटके, झिपरे, वाट्टेल त्या रंगाचे. घोड्याला टोचायला टाचेला काटा नाही, हातात चाबूक. सरळ रांगेत चालून जाणं त्यांना मान्यच नव्हतं. पुढे जाऊन टेहळणी करायची, शत्रूच्या मागे घुसून त्याची रसद लुटायची आणि पळायचं. जिला रंगवायला बाळाच्या झोपेएवढाच वेळ मिळतो, आणि ज्या डबीचं झाकण निघेल तोच रंग वापरावा लागतो, त्या बाईसाठी इतकं सोयीचं सैन्य इतिहासात दुसरं नाही.

पार्सल परदेशातून आलं आणि पोस्टात अडकलं.

खिडकीमागच्या कारकूनबाईंनी खोक्यावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "घोडे. भाल्यांसकट." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जिवंत?"

"अहो, हातात खोकं आहे तुमच्या. धातूचे आहेत."

"तसं नाही, कॉम्प्युटर विचारतो. प्राणी, शस्त्रं, धातूचं सामान, खेळणी. यातलं काय ते सांगा, म्हणजे सोडते."

मागे रांग होती. टिल्ली काखेत होती आणि तिनं काउंटरवरच्या पेनाची दोरी तोंडात घातली होती. 'खेळणी' एवढा एक शब्द म्हटला असता तर मी पाच मिनिटांत घरी असते. पण माणसाला काही मान असतो.

"खेळणी नाहीत," मी म्हटलं. "ही ऐतिहासिक घोडदळाची प्रतिरूपं आहेत."

"प्रतिरूपं यात नाही."

"मग धातूचं सामान लिहा."

"धातूच्या सामानाला वरच्या साहेबांची सही लागते. साहेब सोमवारी येतात. भाले आहेत म्हणून शस्त्रंही लावावं लागेल. त्याला वेगळे साहेब."

"पण भाले टाचणीएवढे आहेत हो!"

"मग खेळणी म्हणा की." त्या पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाल्या, "तुम्ही खेळता ना यांच्याशी?"

"हो, म्हणजे... हो."

"मग?"

मी सोमवारी गेले. साहेब नव्हते. गुरुवारी गेले. साहेब होते, सही करायचा शिक्का नव्हता. शेवटी एके दिवशी टिल्लीनंच तो प्रश्न सोडवला. खोक्याकडे बोट दाखवून ती इतक्या जोरात "घोओओ!" म्हणाली की कारकूनबाईंनी मला न विचारताच खेळण्यांचं बटण दाबलं. मी मान दुसरीकडे वळवली. मी काही म्हटलेलं नाही, हे इथे नमूद करून ठेवते.

घरी खोकं उघडलं तेव्हा सासूबाई आल्या. मी त्यांना आई म्हणते.

"काय मागवलंस एवढं?"

"कोसॅक."

"सॅक? टिल्लीला इतक्यात दप्तर कशाला?"

तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव दप्तरं पडलं. ती कुठे ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा मी हॉलमधल्या काचेच्या कपाटाकडे नुसतं पाहिलं. त्या कपाटात आईंचा चहाचा सेट आहे. तो कोणी कधी वापरलेला नाही. पाहुणे आले की आई त्याच्याकडे बघत आम्हाला साध्या कपांतून चहा देतात.

"कपाटात दप्तरं नाहीत," आई म्हणाल्या. विषय संपला. कोसॅक बुटांच्या खोक्यात गेले आणि खोकं गेलं फ्रिजच्या डोक्यावर, टिल्लीचा हात पोचणार नाही अशा जागी.

रोज दुपारी टिल्ली झोपली की मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर घोडा रंगवायला घ्यायची. एका झोपेत एक घोडा. ती लवकर उठली तर घोड्याला मागचे पाय नसायचे. कधी ती कुशीवर वळली, नुसती चुळबुळली, की माझा ब्रश हवेत थांबायचा. पुन्हा तिचा श्वास संथ झाला की मी पुढे. एका स्वाराच्या अंगरख्यावर निळ्या रंगाचा एक थेंब आहे. तो ती झोपेत शिंकली तेव्हाचा. तो मी पुसला नाही.

सल्ले मात्र पोटभर मिळाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, सगळे घोडे एकाच रंगाचे कर, उठून दिसतात. त्यांचे यजमान फर्निचरला पॉलिश करतात, ते म्हणाले, "एवढं बारीक काय रंगवत बसतेस पोरी, डबा देतो, बुडवून काढ." मी मोहात पडून चार स्वार बुडवले. ते चारही वर्तमानपत्राला असे चिकटले की सोडवल्यावर एकाच्या घोड्याच्या पोटावर हवामानाचा अंदाज उलट्या अक्षरांत उमटला. नवरा कारखान्यात दर्जा तपासणीला आहे. त्यानं व्हर्नियर कॅलिपर लावून सगळे घोडे मोजले आणि गंभीरपणे म्हणाला, "अगं, उंचीत फरक येतोय."

"अरे, घोडे आहेत ते! सारखे कसे असतील?"

"मग हरकत नाही," तो म्हणाला. "फक्त लॉट नामंजूर करावा लागेल."

पण खरी अडचण आली भाल्यांची. धातूचे भाले पार्सलातच वाकले होते. सरळ केले तर तुटले. मी घरभर शोधलं आणि शेवटी माझी नजर आईंच्या झाडूवर गेली. झाडूचा हीर म्हणजे जसा काही देवानं कोसॅकासाठीच घडवलेला: सरळ, हलका, टोकाला निमुळता. एक घेतला. मग दुसरा. झाडू भरदार होता, कळणार नाही असं वाटलं.

"हा झाडू हल्ली केर सोडतो गं," आई काही दिवसांनी म्हणाल्या. "नवीन आहे ना?"

मी घोड्याच्या शेपटीत फार गुंतले होते.

असं करत करत पथक पुरं झालं. सगळ्यांत शेवटी केला तो त्यांचा सरदार: पांढरा घोडा, लाल टोपी, भुवया जरा आमच्या टिल्लीसारख्या. पथकाला सरदार हवाच, नाहीतर आमच्या नियमांप्रमाणे ते टेबलावर येऊच शकत नाही. एवढं लक्षात ठेवा.

लढाईच्या आठवड्यात आमचे अध्यक्ष पाहणीला घरी आले. ते दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची प्रशियाची फौज अख्ख्या मंडळात सुरेख. सैनिकांच्या रांगा अशा, की बघणाऱ्यानं आपसूक आपल्या दातांवरून जीभ फिरवावी. फिनिशिंग कसं असतं ते मला दाखवायला त्यांनी आपल्या रसदगाड्यांची पेटी बरोबर आणली होती. आत दवाखान्यातल्या कापसाच्या गुंडाळ्या, त्यांत निजलेल्या गाड्या.

"छान प्रयत्न आहे, वहिनी," डॉक्टर माझ्या पथकाकडे बघत म्हणाले. "पण हे भाले कसे, एक इकडे, एक तिकडे! दात किडल्यासारखं दिसतं. एका कोनात हवेत. आणि रांग? रांग कुठे आहे?"

"डॉक्टर, कोसॅक रांगेत नसायचेच."

"नसतील. पण टेबलावर नीट दिसायला काय हरकत आहे?"

टिल्ली एवढा वेळ त्यांच्या गुडघ्याशी, उघड्या पेटीजवळ, एक शब्द न काढता उभी होती. "किती गुणी मुलगी!" डॉक्टर म्हणाले. टिल्ली शांत असली की काहीतरी चाललेलं असतं, हे मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पण मी अपमान गिळण्यात दंग होते. डॉक्टर चहा पिऊन, पेटी मिटून गेले.

संध्याकाळी पथक खोक्यात भरताना बघते तर सरदार गायब.

सगळ्यांत आधी मी टिल्लीचं तोंड उघडून पाहिलं. आई म्हणाल्या, "गिळला बहुतेक!" आणि मटकन खाली बसल्या. नवऱ्यानं कॅलिपर आणला, दुसरा पांढरा घोडा मोजला, टिल्लीचं तोंड मोजायचा प्रयत्न केला, बोट चावून घेतलं आणि म्हणाला, "शक्य नाही. घोड्यासकट तर नाहीच. भाला आडवा येतो." तरी आम्ही बाळाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मूल हसतंय का?" हसत होतं. "मग घर शोधा."

घर शोधलं. टिल्लीचं तेव्हा वस्तू कशात ना कशात घालायचं वय होतं. बुटात चमचा मिळाला. कुकरमध्ये किल्ल्या मिळाल्या. आईंच्या चष्म्याच्या घरात बिस्किट मिळालं, नवऱ्याच्या टिफिनमध्ये रिमोट. सरदार मिळाला नाही. शेजारचे काका पलंगाखाली शिरले आणि कंबर धरून बाहेर आले. काकू दारातून म्हणाल्या, "दुसरा कोणी नेम ना सरदार. माणसं काय अमर असतात?"

पण नेमायला दुसरा सरदार नव्हता, आणि नवा मागवायचा तर पुन्हा ती पोस्टाची खिडकी. इतक्या दुपारी, एकेका झोपेचा एकेक घोडा, आणि शेवटी पुन्हा चहाचं बघायचं. त्या संध्याकाळी टिल्ली मांडीवर येऊन माझे डोळे आपल्या फ्रॉकनं पुसायला लागली, तेव्हा मला आणखीच रडू आलं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. नवरा पहिल्यांदाच मंडळात आला, खांद्यावर टिल्लीला घेऊन. खोलीत बघ्यांची ही गर्दी. पंच होते मास्तर. शाळेत त्यांनी जन्मभर भूमिती शिकवली; आता मोजपट्टी गळ्यात घालून वावरतात. मी त्यांना खरं ते सांगितलं.

मास्तरांचा चेहरा पडला. "पोरी, मला वाईट वाटतंय. पण नियम आहे. सरदार नाही तर पथक नाही. टेबलाच्या कडेला ठेव, लोकांना बघता तरी येईल."

"काही मनाला लावून घेऊ नका, वहिनी," डॉक्टर आपली पेटी उघडत म्हणाले. "तुम्ही आज आरामात बघा. आणि मधल्या सुट्टीत जरा..."

ते वाक्य पुरं झालं नाही. त्यांच्या पलटणी टेबलावर आखीवरेखीव उभ्या होत्या. पलटणींच्या मागे रसद मांडायला म्हणून त्यांनी कापसाच्या गुंडाळीतून एकेक गाडी काढून ठेवली, आणि तिसऱ्या गाडीबरोबर बाहेर आला पांढऱ्या घोड्यावरचा, लाल टोपीचा, टिल्लीच्या भुवयांचा माझा सरदार. झाडूचा हीर गाडीच्या छताच्या आरपार.

"हा माझा नाही," डॉक्टर म्हणाले.

"माझा आहे," मी म्हटलं.

"घोओओ!" टिल्ली खांद्यावरून ओरडली, आणि खाली यायला धडपडू लागली.

"गैरसमज आहे," डॉक्टर घाईनं म्हणाले. "उचलून घ्या तुमचा. सुरुवात करू."

"थांबा," मास्तर म्हणाले. "हात लावू नका." त्यांनी नियमांचं जाड पुस्तक काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि वर्गात वाचावं तसं वाचलं: "बेशिस्त घोडदळाचा सरदार लढाई सुरू होण्याआधी शत्रूच्या पिछाडीला ठेवता येतो, मात्र तो शत्रूच्या नकळत गेलेला असावा." त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्हाला कळलं होतं का?"

"अहो, मला कसं कळणार!"

"मग नकळत," मास्तर म्हणाले आणि पुस्तक मिटलं. "सरदार रसदेत पोचलेला आहे. पथक टेबलावर येईल."

बघे हसले, मग टाळ्या वाजल्या. माझे कान तापले. नियमाप्रमाणे मागाहून येणारं पथक पंच मांडतात, खेळाडूनं रचना सांगायची असते. मास्तरांनी माझं खोकं पुढे ओढलं.

"बोल, रचना कोणती?"

"लावा," मी म्हटलं.

"लावतोच आहे. पण कशी?"

"लावा, मास्तर."

"अगं लावतो, पण रांगेत लावू, चौकोनात लावू, काय ते सांगशील की नाही?"

"नाही, नाही. नुसतं लावा!"

"नुसतं कसं लावू? मी पंच आहे, मनानं नाही लावता येत!"

"वहिनी, ते म्हणतायत तसं सांगून टाका ना," डॉक्टर कळवळून म्हणाले, "म्हणजे ते लावतील."

"अहो, मीही तेच सांगतेय! लावा! त्या रचनेचं नावच लावा आहे. रशियन शब्द आहे. रांग नाही, चौकोन नाही. सगळे विखरून, अर्ध्या चंद्रासारखे, वाटेल तसे!"

मास्तरांनी खोकं माझ्यापुढे सरकवलं. "भूमितीत हे बसत नाही. तूच लाव."

मी लावले. एक इकडे, एक तिकडे, भाले वाटेल त्या कोनात, हवामानाच्या अंदाजाचा घोडा सगळ्यांत पुढे. आणि इतके दिवस दात किडल्यासारखं दिसणारं माझं पथक त्या सरळ रेघांसमोर असं काही जिवंत दिसायला लागलं की मलाच आपल्या हातांचं कौतुक वाटलं.

पुढची लढाई मी थोडक्यात सांगते, कारण पलंगावर चुळबुळ सुरू झाली आहे. डॉक्टरांची घोडदळं रसद सोडवायला मागे वळली. माझे कोसॅक पुढे आले, हाताच्या अंतरावरून वळले आणि पळाले. डॉक्टरांच्या पलटणी पाठलागाला निघाल्या आणि त्या देखण्या रांगेला पहिली फट पडली, मग दुसरी. माझे कोसॅक वळसा घालून त्यांच्या मागे निघाले.

"अशी पळापळ कुठे असते का हो?" डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "समोर उभं राहून लढा की! शिकलात कुठे हे?"

मी नवऱ्याच्या खांद्याकडे बोट दाखवलं. टिल्लीनं एका पायातला मोजा काढून मास्तरांच्या खिशात घातला होता.

दिवस रशियाचा झाला. मधल्या सुट्टीत चहाचं डॉक्टरांनी बघितलं. चांगला करतात, साखर मात्र मोजून. पहिला कप त्यांनी मला आणून दिला आणि म्हणाले, "घ्या, सरदार." वहिनी नाही. मी कप दोन्ही हातांनी घेतला.

घरी पोचायच्या आत बातमी आईंपर्यंत गेली होती. जिन्यातच त्यांचा आवाज ऐकू आला. त्या शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "आमच्या टिल्लीनं प्रशियाची सगळी रसद लुटली."

"अगंबाई! मग त्यांनी परत मागितली नाही?"

"मागू देत की. दीड वर्षाची आहे ती."

आम्ही आत आलो. हॉलमधलं काचेचं कपाट उघडं होतं. मधला खण रिकामा, पुसून लख्ख केलेला, आणि चहाचा सेट टेबलावर घडीच्या टॉवेलवर मांडलेला. कोपऱ्यात झाडू होता. पार टक्कल पडलेला. आईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या खोक्यातून डोकावणाऱ्या भाल्यांकडे, आणि मग माझ्याकडे.

"आता बघत काय उभे राहिलात दोघं," आई म्हणाल्या. "लावा."